अल्प व्याजाची नोंद

गिरगांवच्या चाळींतील बिऱ्हाडांत दागिन्यांच्या डबीशेजारीं पासबुकही जपून ठेवलेलें असे. वर्षाकांठीं त्यांत व्याजाचे थोडे रुपये चढत. पगारावरील कर कचेरींतच कापला जाई. मग हे चार रुपये सरकारास कशाला कळवावयाचे, असा प्रश्न घरोघर निघे. प्रश्न लहान, पण त्याचा इतिहास दीडशें वर्षांहून मोठा आहे.

1857 च्या उठावानें रिती झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं 1860 मध्यें हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर आणला. वार्षिक 200 रुपयांखालील प्राप्ति त्यांतून मोकळी होती. 1865 मध्यें तो कर थांबला. अनेक फेरफारांनंतर 1886 च्या कायद्यानें त्याला स्थिर रूप आलें. पगार, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज व इतर प्राप्ति असे त्याचे चार भाग होते आणि अविभक्त हिंदु कुटुंब हाही एक करदाता मानला होता. रोख्यांवरील व्याजाचा कर व्याज हातीं पडण्यापूर्वींच कापला जाई. ज्याची प्राप्ति 500 रुपयांहून कमी, त्यास कर माफ होता. पण आपली प्राप्ति अल्प आहे हें त्यानेंच सिद्ध करावयाचें होतें.

1904 च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानंतर मुंबईंत 1906 मध्यें शामराव विठ्ठल व 1918 मध्यें सारस्वत अशा संस्था निघाल्या आणि पांढरपेशा कुटुंबांच्या शिलकेस घर मिळालें. व्याज आलें, तसा तें कोणाचें हा प्रश्नही आला. पतीनें मोबदल्यावांचून पत्नीस किंवा अज्ञान मुलास दिलेल्या मालमत्तेचें उत्पन्न पतीच्याच प्राप्तींत मिळवावें, असा नियम 1937 च्या दुरुस्तीनें झाला. दादरच्या गृहस्थानें मुलाच्या नांवें ठेव ठेविली, तरी तिचें व्याज बापाच्याच विवरणपत्रांत येऊं लागलें. नांव पासबुकावरचें नव्हे, तर पैसा कोणाचा हें पाहिलें जाऊं लागलें.

2011 व 2012 मध्यें सरकारनें, एकूण प्राप्ति 5 लाखांपर्यंत व बचत खात्याचें व्याज 10,000 रुपयांपर्यंत असलेल्या पगारदारांस विवरणपत्रांतून सूट दिली. त्यांतील एक अट अशी, कीं व्याजाचा आंकडा मालकास कळवावा व कर पगारांतून कापवून घ्यावा. ती सूट पुढें चालली नाहीं. 2012 च्या वित्त अधिनियमानें बचत खात्याच्या 10,000 रुपयांपर्यंतच्या व्याजास वजावट दिली. तिच्यासाठींही व्याज आधीं प्राप्तींत दाखवावें लागे आणि मगच तें वजा होई. मुदतठेवींस ती लागू नव्हती.

लालबाग-परळच्या निवृत्त गिरणी कामगारानें ग्रॅच्युइटीची रक्कम मुदतठेवींत घातली, बँकेनें व्याजावर कर कापला आणि त्याची एकूण प्राप्ति मात्र करपात्र नसली, तर तो पैसा परत मिळविण्यास विवरणपत्र हाच मार्ग असतो. 1886 मध्यें रोखेधारकावर असलेलें ओझें पुढें ठेवीदारावर आलें. ज्याच्याकडे थोडें आहे, त्यालाच तें थोडें आहे असें लिहून द्यावें लागतें. न लिहिल्यास नुकसानही त्याचेंच होतें.