पंखावरच्या खुणांवरून हॉक मॉथची ओळख

हॉक मॉथ म्हणजे स्फिंजिडी कुळातले दणकट, वेगाने उडणारे पतंग. पुढचे पंख लांब आणि निमुळते, मागचे आखूड, सोंड बहुधा लांब आणि अळीच्या शेपटीकडे सहसा एक शिंग. जगात या कुळाच्या सुमारे दीड हजार जाती ज्ञात आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची गाठ मात्र पतंगापेक्षा अळीशी जास्त पडते. तिळाच्या झाडावर बोटाहून जाड, अंगावर तिरपे पट्टे असलेली अळी दिसली, तर ती बहुधा अ‍ॅकेरोन्शिया स्टिक्सची असते. पानांचा फडशा पाडून ती मातीत शिरते आणि तिथेच कोष करते. कोषातून निघणाऱ्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते. हा पतंग मधासाठी पोळ्यात घुसतो आणि डिवचल्यास चिरक्या आवाजात ओरडतो.

पंखांवरच्या खुणा रंगीत खवल्यांच्या असतात. खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि हाताळताच झडतात. सेफोनोडिस हायलासचे तर कोषातून निघाल्यावर पहिल्या उड्डाणातच बहुतेक खवले गळतात आणि पंख काचेसारखे पारदर्शक होतात. दिवसा उडणाऱ्या या पतंगाला ओळखायचे तर पोटावरचा तांबडा पट्टा पाहावा लागतो. खुणेवर विसंबणाऱ्या शास्त्राची अडचण इथूनच सुरू होते.

लिनियसने 1758 साली हे सगळे पतंग ‘स्फिंक्स’ या एकाच प्रजातीत घातले. कण्हेरीवर वाढणारा हिरवा-गुलाबी नेरिआय, पोटाच्या बाजूंवर गुलाबी-काळे पट्टे असलेला कॉन्व्हॉल्व्ह्युलाय आणि पुढच्या पंखावर रुपेरी पट्टा असलेला सेलेरिओ ही त्याने दिलेली नावे आजही टिकून आहेत, प्रजाती मात्र बदलल्या. हे तिन्ही पतंग भारतभर आढळतात.

त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने 1775 मध्ये आणखी अनेक जाती नोंदवल्या. त्यांत ‘हेस्पेरा’ आणि ‘डिडिमा’ अशी दोन नावे होती. दोन्ही पतंग तपकिरी-हिरवट. एकाच्या पुढच्या पंखावर दोन रुपेरी ठिपके, दुसऱ्याचा पंख कोरा. ठिपक्यांना जातीची खूण मानल्याने एका पतंगाचे दोन झाले. दोन्ही रूपांच्या अळ्या करवंदावरच वाढतात, आणि आता ती नेफेली हेस्पेरा या एकाच जातीची मानली जातात. पंखावरची ठसठशीत खूणही दोन जातींमधला फरक दाखवीलच असे नाही, हे समजायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एकोणिसाव्या शतकात या कामाची सूत्रे हिंदुस्थानात आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती गेली. 1883 मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याने 1885 मध्ये मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर लेखन प्रसिद्ध केले. निलगिरीत चहाचा मळा केलेल्या जॉर्ज हॅम्पसनचा पतंगांवरचा पहिला खंड 1892 साली निघाला.

वॉल्टर रॉथ्सचाइल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी 1903 मध्ये साऱ्या कुळाची फेरमांडणी केली. त्यांनी पंखाच्या नक्षीबरोबर शरीराची रचना, विशेषतः नराची जननेंद्रिये, तपासली. रंग फिके पडतात, खवले झडतात, पण या कठीण अवयवांचा आकार सुकलेल्या नमुन्यातही शाबूत राहतो.

दुसरी मोलाची भर कारवारहून पडली. कारवार त्या काळी मुंबई इलाख्यात होते. तिथले वनाधिकारी टी. आर. बेल अळ्या आणून त्यांच्या खाद्यवनस्पतींवर वाढवत आणि अंड्यापासून पतंगापर्यंतच्या अवस्था टिपत. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला हॉक मॉथवरचा खंड 1937 साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत आला. अळी काय खाते, तिचे शिंग सरळ की वाकडे, कोष कुठे होतो, हे सारे त्यामुळे ओळखीच्या पुराव्यात आले. भारतीय हॉक मॉथच्या अभ्यासात या खंडाइतके जिवंत निरीक्षण दुसऱ्या जुन्या ग्रंथात क्वचितच मिळेल.

पंखाच्या खुणा तरीही निरुपयोगी ठरल्या नाहीत, फक्त कोणती खूण कुठे पाहायची हे नेमके झाले. स्टिक्स आणि त्याचा भाऊबंद लॅकेसिस या दोघांच्याही पाठीवर कवटी असते. त्यामुळे मागचा पंख पाहावा: स्टिक्समध्ये तो पिवळा, त्यावर दोन काळे पट्टे; लॅकेसिसमध्ये पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग. सेलेरिओ आणि थेरेट्रा ओल्डनलँडिए हेही वरवर सारखे वाटतात, पण ओल्डनलँडिएच्या पोटाच्या पाठीवर दोन रुपेरी रेघा शेजारी शेजारी धावतात आणि सेलेरिओच्या मागच्या पंखाच्या बुडाशी गुलाबी रंग असतो. बसलेला पतंग मागचे पंख पुढच्यांखाली झाकून घेतो, त्यामुळे वरून काढलेल्या एका छायाचित्रात नेमका हाच भाग हुकतो.

आता जनुकीय सांकेतिकेचाही आधार मिळतो. डीएनएचा एक ठरावीक तुकडा वापरून जाती ओळखण्याची ही पद्धत 2003 पासून रूढ झाली. नुसत्या पंखावरून निकाल लागत नाही अशा जोड्यांमध्ये हिप्पोटिऑन बोएरहाविए आणि हिप्पोटिऑन रोसेटा येतात. पहिल्याचे नाव फॅब्रिशियसने घेटुळीच्या प्रजातीवरून ठेवले, दुसऱ्याचे वर्णन स्विन्होने 1892 मध्ये केले. दोघांचे मागचे पंख तांबूस-गुलाबी, पुढचे तपकिरी. म्हणून छायाचित्रावरून केलेली नोंद बहुधा ‘हिप्पोटिऑन’ या प्रजातीपाशीच थांबवली जाते आणि जातीचे नाव नमुना तपासल्यावरच लिहिले जाते.