टमाटा: कच्चा की शिजवलेला?

देगलूरजवळ होट्टलला चालुक्यकालीन देवळं आहेत. ती घडवणाऱ्या कारागिरांच्या ताटात आंबट काय असेल? चिंच असेल, अंबाडी असेल. टमाटा नक्की नव्हता. (आमच्याकडे टमाटाच म्हणतात, टोमॅटो पुस्तकात.) हे फळ मूळचं दक्षिण अमेरिकेचं, नाव मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतून आलेलं. पोर्तुगीजांनी ते इकडे आणलं असं मानतात. पण आपल्या चुलीपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. जॉर्ज वॉट यांचा कोश १८८९ पासून निघू लागला, त्यातही टमाटा मुख्यतः साहेब लोकांसाठी पिकवतात अशीच नोंद आहे. बंगालीत तर त्याला विलायती वांगं म्हणत.

पुढे आपल्या बायकांनी या परक्या फळाला फोडणीत घातलं. तेल, मोहरी, शेंगदाण्याचं कूट, आणि चटणी चांगली शिजू द्यायची. तिकडे क जीवनसत्त्वाचा शोध लागला, १९३७ साली सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल मिळालं. शिजवलं की सत्त्व जातं, हा धडा मग शाळेतही आला. मीही तो शिकवला, आणि क जीवनसत्त्वापुरता तो खराच आहे.

२००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रुई हाय लिऊ आणि सहकाऱ्यांनी टमाटे ८८ अंश सेल्सिअसला तापवून पाहिले. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व २९ टक्के घटलं. पण टमाट्याला लाल रंग देणारं लायकोपीन दोन मिनिटांत ५४ टक्के आणि पंधरा मिनिटांत १७१ टक्के जास्त भरलं. ते नव्याने तयार झालं नाही. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल पडल्या आणि आतलं मोकळं झालं. शिवाय ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाबरोबर अंगी जास्त लागतं.

यावरून कुणी 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणू नये. पूर्वजांना टमाटाच ठाऊक नव्हता! आजीला चवीशी मतलब होता.

असो. कच्च्याचीही बाजू आहे. ज्वारीच्या भाकरीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, मात्र ते त्याच जेवणात असावं लागतं. बायका-मुलींच्या अंगात रक्त कमी असणं आपल्याकडे घरोघरचं. कच्च्या फोडींची खरी गरज त्यांच्या ताटात. पण माझ्या लहानपणी घरातल्या बायका सगळ्यांच्या शेवटी बसत. तोवर कोशिंबीर संपलेली असायची, चटणी तेवढी उरायची.