पलीकडचा कागद

मडिकेरीत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचा पुतळा आहे. म्हैसूरहून कोडगूला जाणाऱ्यांच्या तो सहज नजरेस पडतो. चौकात पुतळा उभा राहिला की त्या माणसाची गोष्ट पूर्ण झाली, असे आपण धरून चालतो. देवय्यांचे शेवटचे क्षण मात्र त्यांच्या घरच्यांना चौदा वर्षे ठाऊक नव्हते.

7 सप्टेंबर 1965 रोजी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघाली. ठरलेल्या बारा वैमानिकांत देवय्या नव्हते, ते राखीव होते. एक विमान गळाले आणि त्यांची वर्णी लागली. ते परतले नाहीत. काय झाले ते सोबतच्यांपैकी कोणी पाहिले नव्हते. कागदावर एक शब्द उरला: बेपत्ता.

मी भाषांतर करते, म्हणून या शब्दापाशी थबकते. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. लष्करी नोंदीत हा शब्द माणसाबद्दल फारसे काही सांगत नाही; नोंद करणाऱ्याला काय कळलेले नाही, तेवढेच सांगतो. घरात मात्र त्याचा अर्थ रोज बदलतो. सकाळी तो ‘येईल’ असतो, रात्री ‘गेला’ असतो.

देवय्यांचा पत्ता लागला तो पलीकडच्या बाजूने. पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने ब्रिटिश पत्रकार जॉन फ्रिकर यांनी 1965 च्या हवाई युद्धावर पुस्तक लिहिले. ते 1979 मध्ये प्रसिद्ध झाले. अमजद हुसेन या पाकिस्तानी वैमानिकाचे एफ-104 स्टारफायटर विमान एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत कोसळले, आणि अमजद पॅराशूटने बाहेर पडले, असे त्यात होते. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाला जुन्या, मंद मिस्टेअरने पाडले होते. त्या स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख ओमप्रकाश तनेजा यांनी तो मजकूर आपल्या नोंदींशी ताडून पाहिला. तो मिस्टेअर देवय्यांचाच असला पाहिजे. हवाई दलाने चौकशी केली आणि 1988 मध्ये, घटनेनंतर 23 वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. पुस्तक पाकिस्तानची बाजू मांडण्यासाठी लिहिलेले होते. कोडगूतल्या एका घराला उत्तर देणे हा त्याचा हेतू नव्हता.

दुसरी गोष्ट मराठी नावाची आहे आणि ती अशी मिटत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 1971 च्या डिसेंबरात सुखोई-7 घेऊन गेले. पाकिस्तानातल्या शोरकोट भागात त्यांचे विमान पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्याच महिन्यात ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये जिवंत पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत एक नाव होते: टॉम्बे.

रोमन लिपीत ‘ए’च्या जागी ‘ओ’, एवढाच फरक. तांबे आडनावाचे हे रूप मराठी कानाला ओळखीचे वाटते. पण बातमीतला वैमानिक तेच होते, हे त्या एका अक्षरावरून सिद्ध होत नाही. ते नव्हते, हेही सिद्ध होत नाही. या फटीत एका बाईचे अख्खे आयुष्य गेले. 1983 मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. 2007 मध्ये चौदा नातेवाइकांनी पाकिस्तानातले तुरुंग पाहिले, त्यांत दमयंतीबाई होत्या. हाती काही लागले नाही. आपल्याकडे बेपत्ता जवानांचा आकडा 54 सांगतात. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान म्हणत आले आहे.

देवय्यांच्या बाबतीत पलीकडच्या कागदात कथन होते: कोणते विमान, कोणता दिवस, कोण बचावले. त्यामुळे इकडची नोंद तिकडच्या नोंदीला जोडता आली. तांब्यांच्या बाबतीत फक्त नाव होते आणि तेही वाकडे.

म्हणून मला वाटते, अशा शोधात नावांच्या लेखनाकडे वकिलाच्या बारकाईने पाहायला हवे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. परक्या आडनावाचे ऐकून लिहिलेले रूप दुसऱ्याने वाचून रोमन लिपीत उतरवले, तर मूळ नाव ओळखू येईलच असे नाही. नातेवाइकांना तुरुंगाची नोंदवही दाखवताना शेजारी उर्दू वाचणारा आणि मराठी, कन्नड, पंजाबी आडनावे ओळखणारा माणूस बसवला पाहिजे. यादीत ‘तांबे’ सापडले नाही, म्हणून शोध संपत नाही. टॉम्बे, तंबे, ताम्बई आणि तुंबे हेही पाहायचे राहिलेले असते.