हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील हिप्परगा हे आजच्या लोहारा तालुक्यातील एक लहानसे गाव. असहकाराच्या लाटेत, इ. स. १९२१ मध्ये, व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी तेथे राष्ट्रीय शाळा काढली. त्याच वर्षी पुण्यास टिळक विद्यापीठाची स्थापना झाली. परंतु हिप्परगा निजामाच्या राज्यात होते, आणि हा भेद केवळ सरहद्दीचा नव्हता.

‘राष्ट्रीय शिक्षण’ हा शब्दप्रयोग वंगभंगाच्या चळवळीत रूढ झाला. ब्रिटिश मुलखात त्याचा अर्थ सरळ होता : परक्या सरकारचे अनुदान व नियंत्रण नाकारणारे शिक्षण. हैदराबादेत राजा एतद्देशीय होता. मग तेथे ‘राष्ट्रीय’ या विशेषणाचा रोख कोणाकडे? उत्तराचा एक भाग भाषेत सापडतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग निःसंशय धाडसाचा होता, आणि त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि मराठवाड्यातील कुणब्याच्या मुलाला ती देशी भाषाही परकीच होती. तेव्हा मराठीतून शिकविणारी, सरकारी साहाय्यावर न विसंबणारी शाळा उघडणे म्हणजे संस्थानच्या सीमेपलीकडील देशाशी नाते जाहीर करणे होय. खाजगी शाळांना सरकारी परवानगीची अट लागू झाल्यानंतर हे नाते अधिकच संशयास्पद ठरले.

अशा शाळांत सूतकताई, शरीरश्रम व गावाशी सहवास हे पुस्तकी विषयांच्या जोडीने येत. वर्धा येथील शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाचा पाया मानले ते १९३७ मध्ये. राष्ट्रीय शाळांतून त्याचा सराव त्यापूर्वीच, अर्थात तितक्या काटेकोर सिद्धांताविना, सुरू होता.

१९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून हिप्परग्यास आले. अमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेऊन व ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम करून ते आले होते. येथील वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुंबईच्या कामगारांतून आलेल्या या शिक्षकाला खेड्याचे दैन्य प्रथम दीर्घकाळ जवळून पाहता आले ते याच गावी. शाळेने गावाला काय दिले हे सर्वजण विचारतात. गावाने शिक्षकाला काय शिकविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९३५ मध्ये स्वामीजी व बाबासाहेब परांजपे प्रभृती सहकारी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गेले. योगेश्वरी नूतन विद्यालय ही त्यांची नवी कर्मभूमी झाली. कार्याचा विस्तार त्यामुळे साधला हे खरे, पण खेड्यातील प्रयोगाने आपले कर्ते शिक्षक गमावले, हेही तितकेच खरे. पुढे १९३८ मध्ये स्वामीजींनी अध्यापनही सोडले आणि ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले.