कल्पना सुचवू नका

जनरल इलेक्ट्रिक ही एकेकाळी विजेचे दिवे, फ्रिज आणि विमानांची इंजिनं बनवणारी अमेरिकन कंपनी. तिच्याकडे मोठमोठे मेनफ्रेम संगणक होते आणि दिवसा ते इतर कंपन्यांना वेळेच्या हिशेबानं भाड्यानं दिले जात. कचेऱ्या सुटल्या की यंत्रं रिकामी पडत. तेव्हा १९८५ मध्ये कंपनीनं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हीच यंत्रं घरगुती ग्राहकांना स्वस्तात वापरायला दिली. मोडेम फोनला जोडायचा, नंबर फिरवायचा आणि पडद्यावर नुसत्या अक्षरांत गप्पा मारायच्या. या सेवेचं नाव ‘जीनी’. विज्ञानकथा लिहिणारे आणि वाचणारे तिथं लवकरच जमले. ही माणसं तशीही रात्री जागणारीच.

मालिकेचा लेखक आज भाग संपताच प्रेक्षकांशी बोलतो, अमुक प्रसंग असा का लिहिला ते सांगतो, शिव्याही खातो. या प्रथेचं एक ठसठशीत मूळ जीनीवरच्या त्या गप्पांत सापडतं. १९९१ मध्ये जे. मायकेल स्ट्राझिन्स्की नावाच्या पटकथाकारानं तिथं सांगितलं, की मी अंतराळस्थानकावर घडणारी एक मालिका करतोय, नाव ‘बॅबिलॉन ५’. तिचा पहिला दीर्घ भाग दिसायला १९९३ चा फेब्रुवारी उजाडला आणि नियमित मालिका सुरू झाली ती जानेवारी १९९४ मध्ये. म्हणजे एक चौकटही प्रसारित होण्याआधी हा माणूस तिच्याविषयी अनोळखी लोकांशी बोलत होता.

अर्थात वाचकांशी बोलणं विज्ञानकथेच्या जगाला नवं नव्हतं. ह्यूगो गर्न्सबॅकनं १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली जात. त्या पत्त्यांवर वाचक एकमेकांनाच पत्रं लिहू लागले, त्यातून मंडळं झाली, मंडळांतून संमेलनं झाली, आणि संमेलनात लेखक वाचकांच्या शेजारी बसून कॉफी पिऊ लागला. टीव्हीचं तसं नव्हतं. तिथं लेखक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये वाहिनी, स्टुडिओ आणि जाहिरातदार असे तीन पहारेकरी उभे. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ वाचवायला चाहत्यांनी ढिगानं पत्रं लिहिली, पण ती एनबीसी वाहिनीला. लेखकांना कोण लिहिणार? आपल्याकडेही मालिका भरकटली की लोक लेखकाच्या नावानं बोटं मोडतात, फक्त ते नाव कोणाला ठाऊक नसतं. त्याच ‘स्टार ट्रेक’साठी लिहिणाऱ्या डेव्हिड जेरॉल्डनं १९७३ मध्ये आपली पहिली पटकथा कशी विकली गेली आणि कशी कापली गेली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण पुस्तकाला उलटून प्रश्न विचारता येत नाही.

स्ट्राझिन्स्कीला बोलायची खोड आधीपासून होती. पटकथालेखनावरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९८२ मध्ये आलं होतं. लॉस एंजेलिसच्या केपीएफके रेडिओवर ‘अवर २५’ नावाचा विज्ञानकथांचा कार्यक्रम तो काही वर्षं चालवत असे. ‘ही-मॅन’, ‘द रिअल घोस्टबस्टर्स’, ‘मर्डर, शी रोट’ अशा मालिकांत त्यानं हमाली केली होती, आणि ‘घोस्टबस्टर्स’ तर वाहिनीच्या सल्लागारांनी ढवळाढवळ केली म्हणून सोडली होती. असा माणूस गप्प बसणारा नव्हताच. पण नुसत्या स्वभावावर प्रथा उभी राहत नाही. त्याला गरजही होती.

‘बॅबिलॉन ५’ ही पाच वर्षं चालणारी एकच गोष्ट होती. सुरुवात, मध्य आणि शेवट आधी ठरलेला. हे आज ऐकायला साधं वाटतं. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर रात्रीच्या मालिकेचा प्रत्येक भाग शक्यतो स्वयंपूर्ण ठेवत, म्हणजे पुढे कोणत्याही क्रमानं पुन्हा दाखवायला मोकळे. अशा सवयीच्या प्रेक्षकाला पहिल्या वर्षी पेरलेलं तिसऱ्या वर्षी उगवेल, तोवर थांबा, असं सांगणार कोण? मालिकेच्या मागं बडी वाहिनी नव्हती. पीटीईएन हे गावोगावच्या स्थानिक केंद्रांना कार्यक्रम पुरवणारं जाळं होतं. एका शहरात भाग बुधवारी लागे, दुसऱ्यात शनिवारी, तिसऱ्यात मध्यरात्री. दुसऱ्या पर्वाचे शेवटचे काही भाग तर ब्रिटनमध्ये चॅनल ४ वर अमेरिकेच्या आधी लागले. त्यामुळे चर्चेत भागाविषयी लिहिताना आधी इशारा द्यायचा, मग पडदाभर कोऱ्या ओळी सोडायच्या आणि मगच मुद्द्यावर यायचं, हा शिष्टाचार इथं काटेकोरपणे पाळावा लागे. जाहिरातीला पैसा नाही, वेळ पक्की नाही, गोष्ट लांबलचक. लेखकानं स्वतः प्रेक्षकांच्या ओसरीवर येऊन बसणं हाच काय तो स्वस्त मार्ग होता.

आणि तो बसला. जीनी, तिच्यासारखीच कॉम्प्युसर्व्ह ही सेवा, मग यूजनेट या चर्चाजाळ्यावरचे गट. संदेशाखाली सही लहान लिपीत, तीन अक्षरांची: जेएमएस. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या सन व्हॅलीत, स्टुडिओ म्हणून वापरात आणलेल्या एका गोदामात चाले. या माणसानं ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, तिसरं आणि चौथं पर्व तर संपूर्ण एकट्यानं, आणि ते लिहून उरलेल्या वेळात तो उत्तरं देई. अंतराळयानं संगणकावर कशी उभी करतात (घरगुती अमिगा संगणक आणि व्हिडिओ टोस्टर नावाचं कार्ड वापरून, आणि त्याच बळावर पहिल्या दीर्घ भागाला दृश्यपरिणामांचं एमी मिळालं), एखादं दृश्य का कापलं, पैसे कुठं वाचवले, वाहिनीशी कशावरून वाजलं, सगळं.

त्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ‘ट्रॅप डोअर’ची. पाच वर्षांची गोष्ट लिहायची तर नट पाच वर्षं टिकतील याची हमी कोण देतो? स्ट्राझिन्स्की सांगे, की प्रत्येक पात्राखाली मी एक चोरदार ठेवलंय. नट निघून गेला तर पात्र त्या दारातून बाहेर जातं आणि त्याच्या वाट्याचं कथानक दुसऱ्याच्या खांद्यावर येतं. पहिल्या दीर्घ भागात लिटा अलेक्झांडर ही परचित्त ओळखणारी बाई आहे. नियमित मालिकेत ती भूमिका करणारी पॅट्रिशिया टॉलमन नव्हती, म्हणून टॅलिया विंटर्स नावाची दुसरी परचित्तज्ञ आली. दुसऱ्या पर्वाअखेर टॅलियाची भूमिका करणारी अँड्रिया थॉम्पसन गेली, तेव्हा टॉलमनची लिटा परत आली आणि अर्धवट राहिलेला धागा तिच्या हाती आला. पाहणाऱ्याला शिवण दिसत नाही. पण चर्चेतल्या लोकांना शिवण कुठं आहे आणि टाका कोणता घातलाय, हे शिंप्यानंच सांगितलेलं होतं. पटकथेच्या कुठल्याही वर्गात इतकं उघडं शिक्षण मिळत नसे.

इतक्या मोकळ्या गप्पांना एकच अट होती: गोष्टीची कल्पना सुचवू नका. मालिका आवडली सांगा, नावडली सांगा, प्रश्न विचारा, पण ‘पुढं असं झालं तर?’ हे लिहू नका. नव्या माणसाला हा उद्धटपणा वाटे. इतकी भेटायची हौस, आणि ऐकायची तयारी नाही? पण त्या अटीमागं हॉलिवूडची जुनी धास्ती होती.

१९४९ मध्ये व्हिक्टर देस्नी नावाच्या माणसानं दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या कचेरीत फोन केला. १९२५ मध्ये केंटकीतल्या गुहेत फ्लॉइड कॉलिन्स नावाचा माणूस अडकला होता आणि वर तमाशबिनांची जत्रा भरली होती, त्यावर चित्रपट काढा, असं त्याचं म्हणणं. वाइल्डर फोनवर आलाच नाही. देस्नीनं सेक्रेटरीला सारांश वाचून दाखवला, तिनं तो लघुलिपीत उतरवून घेतला, आणि वापरला तर पैसे द्यावे लागतील असं देस्नीनं बजावलं. १९५१ मध्ये वाइल्डरचा ‘एस इन द होल’ आला: गुहेत अडकलेला माणूस, वर भरलेली जत्रा. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ मध्ये न्यायालयानं म्हटलं ते थोडक्यात असं, की नुसत्या कल्पनेवर मालकी नसते, पण मोबदल्याची अपेक्षा आहे हे माहीत असताना कल्पना ऐकून ती वापरली, तर न लिहिलेला करार झाला असं मानता येतं. देस्नीला दाद मागायची वाट मोकळी झाली. ज्यानं फोन घेतला नाही तोही अडकू शकतो, हे स्टुडिओंच्या वकिलांना नीट कळलं. आगंतुक हस्तलिखितांचे लिफाफे न फोडता परत पाठवायची सवय असल्याच भयातून पक्की झाली.

आता चर्चागटाचा विचार करा. तिथं लिफाफा नसतो. वाक्य डोळ्यांसमोर आलं की वाचूनच झालेलं असतं. आणि हजारो हुशार माणसं एकाच गोष्टीचा कीस काढत बसली असतील, तर त्यांतल्या एखाद्याला लेखकाला सुचलेलंच सुचणार.

तसंच झालं. ‘बॅबिलॉन ५’च्या जगात खुन्याला फाशीऐवजी एक शिक्षा असते: त्याची स्मृती पुसायची, नवं व्यक्तिमत्त्व भरायचं आणि उरलेलं आयुष्य समाजसेवेला लावायचं. ही शिक्षा पहिल्याच पर्वात दाखवली होती. विचारी माणसाच्या मनात पुढचा प्रश्न आपसूक येतो, की अशा माणसाला आपण कोण होतो ते कळलं तर? स्ट्राझिन्स्कीच्या डोक्यात नेमकी हीच कथा होती, आणि नेमका हाच प्रश्न एका चाहत्यानं चर्चेत लिहून टाकला. त्यात कपट काही नव्हतं, मालिका लक्ष देऊन पाहिल्याचाच तो पुरावा होता. पण कथा बाजूला ठेवावी लागली. उद्या कोणी म्हणालं असतं की कल्पना माझी, तर ती आधी लेखकाला सुचली होती हे सिद्ध कसं करणार? शेवटी त्या चाहत्यानंच आपला काही दावा नाही असं नोटरीसमोर लिहून दिलं आणि काम पुढं सरकलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये तो भाग लागला, ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’. ब्रॅड डुरिफनं त्यात एका सौम्य संन्याशाचं काम केलंय, ज्याला आपण पूर्वी कोण होतो ते हळूहळू उमगत जातं. मालिकेतल्या उत्तम भागांपैकी तो एक. एका भल्या माणसानं नोटरीकडे खेटा घातला नसता, तर तो बासनातच राहिला असता.

पुढं यूजनेटवर या मालिकेचा संयोजित गट निघाला. प्रत्येक संदेश आधी स्वयंसेवक वाचत, कथाकल्पना दिसली की अडवत आणि मगच बाकीचं लेखकापर्यंत जाऊ देत. लेखक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पुन्हा पहारेकरी आले ते असे, मात्र यावेळी चाहत्यांमधूनच, बिनपगारी. माझ्या मते प्रथा खरी रुजली ती इथं. काय ऐकायचं नाही हे पक्कं ठरलं, तेव्हाच बाकीचं बिनघोर बोलता आलं.

गप्पांवर एक कुलूप मात्र त्यानं स्वतः लावलं होतं. पहिल्या पर्वाचा नायक जेफ्री सिंक्लेअर म्हणजे मायकेल ओ’हेर. दुसऱ्या पर्वात तो नाही, त्याच्या जागी ब्रूस बॉक्सलाइटनरचा शेरिडन. का? दोघांच्या संमतीनं ठरलं, एवढंच स्ट्राझिन्स्की सांगे. चाहते वर्षानुवर्षं तर्क लढवत राहिले: भांडण झालं, वाहिनीनं काढलं, अभिनय नडला. सप्टेंबर २०१२ मध्ये ओ’हेर वारला आणि त्यानंतरच्या वर्षी फीनिक्सच्या संमेलनात स्ट्राझिन्स्कीनं सांगितलं. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणातच ओ’हेरला गंभीर मानसिक आजारानं गाठलं होतं, भास होत होते. स्ट्राझिन्स्कीनं काही महिने काम थांबवायची तयारी दाखवली. इतरांच्या नोकऱ्या जातील म्हणून ओ’हेरनं ते नाकारलं आणि कसंबसं पर्व पुरं केलं. हे मरेपर्यंत सांगणार नाही, असं वचन स्ट्राझिन्स्कीनं दिलं, तेव्हा ओ’हेरनं दुरुस्ती केली: तुझ्या मरणापर्यंत नको, माझ्या मरणापर्यंत. कॅमेऱ्याची भिंगं आणि वाहिनीची पत्रं यांवर पानंच्या पानं लिहिणारा माणूस जवळपास दोन दशकं एवढ्या एका प्रश्नावर शिव्या झेलत बसला होता.

या प्रथेचा बाकी वंशविस्तार लवकर सांगून होतो. ‘बफी’चा लेखक जॉस व्हीडन त्या मालिकेच्या ‘ब्राँझ’ या चर्चाफळ्यावर येत असे, आणि तिथले लोक वर्षातून एकदा पार्टी करत, तिला लेखक-नटही जात. ‘द वेस्ट विंग’चा आरन सॉर्किन ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’ या टीकाकारांच्या अड्ड्यावर गेला, वाद झाला, आणि त्यानं २००२ मधल्या एका भागात जॉश लायमन या पात्राला अशाच एका अड्ड्यावर पाठवून हात पोळून घ्यायला लावले. लेखकानं चाहत्यांवर उगवलेला सूड म्हणून तो भाग अजून काढून पाहतात. मला तो सॉर्किनला न शोभणारा वाटतो. गंमत आहे, पण रागाची.

रोनाल्ड मूरचा मार्ग वेगळा. तो मुळात ‘स्टार ट्रेक’चा चाहता. सेट बघायला गेला तो पटकथा बरोबर घेऊन, ती त्यानं तिथं देऊन टाकली आणि १९८९ मध्ये ‘द बाँडिंग’ हा भाग म्हणून ती पडद्यावर आली. ‘डीप स्पेस नाइन’ लिहीत असताना तो एओएल या ऑनलाइन सेवेवर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देई. २००५ मध्ये ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ करताना त्यानं पॉडकास्ट सुरू केले: घरी बसून भाग लावायचा आणि चालू दृश्यांवर बोलत जायचं. हा संवाद का फसला, हा प्रसंग संकलनात कुठून कुठं हलला, इथं लेखकांच्या खोलीत काय भांडण झालं. मधूनच ग्लासातल्या बर्फाचा आवाज, आज कोणती स्कॉच आहे त्याची घोषणा, बायकोचा शेरा. भाग तोवर चित्रित, संकलित आणि वाहिनीकडे रवाना झालेला असे. ऐकणाऱ्याला त्यावरून काहीही सुचो, ते मूरच्या कानावर पडायची सोय त्या फाइलीत नव्हती. स्टुडिओच्या वकिलांना तीत आक्षेप घ्यायला सापडली असती तर फार तर स्कॉच.