सोन्याचे तिकीट, वर्षाचा पास आणि धामणगावचा हिशेब

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याचे एक लहानसे तिकीट जपून ठेवलेले आहे. अठराव्या शतकात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नावाचे विहारोद्यान होते. जोनाथन टायर्स या चालकाने १७३२ साली ते नव्या थाटात लोकांपुढे आणले. प्रवेश एक शिलिंग. चित्रकार विल्यम हॉगार्थ याने उद्यानाच्या सजावटीत मोलाची मदत केली, तेव्हा त्याच्या उपकाराची फेड म्हणून टायर्सने त्याला हे सोन्याचे तिकीट दिले. ते दाखवले की हॉगार्थ आणि त्याचे सोबती यांना कायमचा मोफत प्रवेश. मोसमभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या इतर हौशी मंडळींसाठी टायर्सने चांदीची मोसमी तिकिटे काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर हॉगार्थकडे तहहयात पास होता आणि बाकीच्यांकडे वार्षिक.

पास विकत घ्यावा की प्रत्येक वेळी तिकीट काढावे, हा प्रश्न म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांचा जुना प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. तेथील एखादे कुटुंब सुट्टीत मुलांना खोपोलीच्या उद्यानात न्यायचे ठरवते आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘एक दिवस’, ‘दोन दिवस’, ‘वार्षिक पास’ असे चौकोन समोर येतात, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की व्हॉक्सहॉलचे गिऱ्हाईक नदी ओलांडून येत असे. धामणगावकराला मलकापूरला येऊन रेल्वे धरावी लागते, कल्याणला उतरावे लागते आणि तेथून खोपोलीची लोकल गाठावी लागते. या अंतरामुळे तिकिटाचे सगळे गणित कसे बदलते, ते पाहण्यासाठी आधी तिकिटाचाच इतिहास पाहू.

आपल्याकडची सर्वांत जुनी पद्धत जत्रेची. होळीच्या सुमारास बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा भरते. अशा यात्रांत आणि गावोगावच्या उरुसांत आत शिरायला पैसे लागत नाहीत. रहाटपाळण्यात बसायचे तर त्याचे वेगळे, मौत का कुआँ पाहायचा तर त्याचे वेगळे. खिशात जेवढे तेवढी मजा. या पद्धतीत गिऱ्हाईक फसण्याची शक्यता फार कमी, कारण पैसे आणि आनंद यांच्यात वेळेचे अंतरच नसते. पाळणेवाल्याच्या डोक्यावर मात्र टांगती तलवार: पाऊस आला की धंदा बुडाला.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने आपले अजस्र चक्र उभारले. तेथे दोन पद्धती एकत्र आल्या. प्रदर्शनात शिरण्याचे ५० सेंट आणि चक्राच्या दोन फेऱ्यांचे आणखी ५० सेंट. म्हणजे दाराशीही पैसे आणि आतही पैसे. अर्थशास्त्रात पुढे याला ‘दुहेरी दर’ असे भारदस्त नाव मिळाले, पण लोकांनी तेव्हाच खिसे चाचपले असणार.

खरी उलथापालथ न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर झाली. पॉल बॉयटन याने १८९५ साली तेथे कुंपण घालून दाराशी पैसे घेणारे उद्यान काढले. दोनच वर्षांनी जॉर्ज टिल्यू याने शेजारी स्टीपलचेस पार्क उघडले आणि एकत्रित तिकिटाची युक्ती रुजवली: २५ सेंट द्या आणि आतले २५ खेळ खेळा. एका खेळाला एक सेंट! गिऱ्हाईक खूश. टिल्यूला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दिवस मर्यादित असतो, पाय दुखतात, रांगा लागतात आणि पंचवीसच्या पंचवीस खेळ संपवणारा विरळाच. जे वापरले जात नाही त्याचे पैसे आधीच गल्ल्यात पडलेले असतात. हा गृहस्थ धंद्यात किती मुरलेला होता, हे १९०७ साली दिसले. आगीत त्याचे उद्यान भस्मसात झाले, तर त्याने जळके अवशेष पाहण्यासाठी १० सेंटचे तिकीट लावले.

पुढचे नाव अर्थात वॉल्ट डिस्ने. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. आरंभी मोठ्यांचा प्रवेश एक डॉलर आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. म्हणजे जत्राच, फक्त कुंपणातली. पण प्रत्येक खिडकीवर सुटे पैसे मोजणे त्रासाचे झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकीट-पुस्तिका आल्या. पुस्तिकेत ए, बी, सी अशा वर्गांची तिकिटे. ए साध्या खेळांसाठी, सी भारी खेळांसाठी. पुढे डी वर्ग वाढला आणि १९५९ मध्ये ई वर्ग आला. त्या वर्षी मॅटरहॉर्नची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाल्या होत्या. लोक साहजिकच ई तिकिटांवर तुटून पडत. ए तिकिटे उरत, ती घरच्या खणात पडून राहत. आपल्याकडे मिठाईच्या पुड्यात पेढा आधी संपतो आणि शेव उरते, तसाच प्रकार. पण खणात पडलेले प्रत्येक ए तिकीट म्हणजे न घेतलेल्या आनंदाची रोख पावती होती.

वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली याच विषयावर एक निबंध लिहिला. प्रवेशाचे पैसे जास्त घ्यावेत आणि खेळ स्वस्त ठेवावेत, की प्रवेश स्वस्त ठेवून खेळांवर कमवावे, असा त्याचा प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या वर्गांत तो निबंध आजही शिकवला जातो. डिस्नेलँडने आपले उत्तर १९८२ साली दिले: पुस्तिका बंद, एकदाच पैसे भरा आणि दिवसभर काय हवे ते खेळा. जगभरातल्या बहुतेक मोठ्या उद्यानांनी हाच मार्ग धरला. कोपनहेगनचे १८४३ पासूनचे तिवोली उद्यान मात्र अजूनही प्रवेश आणि खेळ यांची तिकिटे वेगळी विकते. ज्या आजीला फक्त बाकावर बसून नातवंडे पाहायची आहेत, तिच्यावर त्यामुळे घसरगाडीचे पैसे भरण्याची वेळ येत नाही. एकत्रित तिकिटाने बसणाऱ्याची सोय झाली आणि पाहणाऱ्याचा तोटा झाला, ही गोष्ट इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही.

महाराष्ट्रात हे युग १९८९ साली आले. सुभाष चंद्र यांनी गोराई येथे एस्सेल वर्ल्ड उघडले. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आले. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीने खोपोलीजवळ इमॅजिका सुरू केले. या तिकिटांत सरकारचाही वाटा असतोच. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ पासूनचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर बसला. तो जानेवारी २०१८ च्या अखेरीस १८ टक्क्यांवर आणला गेला. म्हणून दरांची तुलना करताना कर धरलेला आहे की नाही, हे प्रथम पाहावे. पाटीवरचा आकडा आणि खिडकीवरचा आकडा यांत पाचवा हिस्सा फरक पडू शकतो.

आता वर्षाच्या पासाकडे. टिल्यूची युक्ती एका दिवसाची होती. पास म्हणजे तीच युक्ती वर्षभर ताणलेली. आपण किती वेळा येऊ, याचा अंदाज माणूस नेहमी चढा लावतो, हे यामागचे गुपित. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील व्यायामशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यात सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. त्यांना एक भेट १७ डॉलरहून महाग पडत होती. त्याच व्यायामशाळांत दहा भेटींचे पुस्तक घेतले असते, तर एक भेट १० डॉलरला पडली असती. व्यायामशाळा घराजवळ असूनही ही गत.

धामणगावचे कुटुंब तर दूरचे. आकडे केवळ समजुतीसाठी घेऊ. समजा, चौघांचे कुटुंब आहे, एका दिवसाचे तिकीट माणशी १,००० रुपये आणि वार्षिक पास २,५०० रुपये. तीन भेटींची तिकिटे १२,००० होतात, चार पास १०,००० चे. जाहिरात म्हणते, तिसऱ्या भेटीत पैसे वसूल! मुंबईच्या कुटुंबाला जाण्यायेण्याचे ८०० रुपये लागत असतील, तर जाहिरात खरी आहे. त्यांची चौथी भेट ८०० रुपयांतच होते. धामणगावहून मात्र रेल्वे, मुक्काम आणि जेवण धरून एका खेपेला समजा ६,००० लागतात. मग पास काढून तीन खेपा म्हणजे २८,००० रुपये, आणि रोजचे तिकीट काढून दोन खेपा म्हणजे २०,०००. पासाने तिकिटांत २,००० वाचवले आणि ते वाचवण्यासाठी एकूण ८,००० जास्त खर्च करायला लावले. याउलट एकाच खेपेत लागोपाठ दोन दिवस उद्यानात घालवले आणि एका जादा मुक्कामाचे २,००० धरले, तरी खर्च १६,००० वर थांबतो. दूरच्या कुटुंबाला स्वस्त पडते ते बहुधा ‘लागोपाठ दोन दिवस’. ‘वर्षभर’ हे शब्द जवळच्यांसाठी लिहिलेले असतात.

दूर राहणाऱ्याने पास आधीच घेऊ नये, हेही यातून निघते. अनेक ठिकाणी पहिल्या दिवसाचे तिकीट त्याच दिवशी पासात बदलून घेता येते. तशी सोय आहे का, हे खिडकीवर विचारावे. मुलांचे दर कित्येक उद्यानांत वयावर नव्हे तर उंचीवर ठरतात, तेव्हा घरूनच भिंतीपाशी उभे करून मोजून निघावे. आणि स्वस्त पासांवर जे वर्ज्य दिवस छापलेले असतात ते वाचावेत. नेमक्या दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांत असतील, तर शाळकरी मुलांच्या घराला तो पास कागदापुरताच उरतो.

पासाचे खरे मराठी उदाहरण उद्यानांत नसून एसटी स्टँडवर आहे. ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही एसटी महामंडळाची योजना १९८८ पासूनची. चार किंवा सात दिवसांचा पास काढावा आणि महाराष्ट्रभर फिरावे. येथे अंतर हा तोटा न राहता फायदा होतो: जितके दूर जाल तितका पास स्वस्त. अंतराचा भार ग्राहकावर टाकणाऱ्या उद्यानाच्या पासाच्या हे अगदी उलटे आहे. मात्र १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या साध्या तिकिटात निम्मी सूट मिळू लागली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे अर्धे तिकीट तर जुनेच. त्यामुळे आई, आजी आणि दोन मुले यांच्यासाठी दोन्ही बेरजा मांडूनच पास घ्यावा. ज्याला पुरे तिकीट पडते असा माणूस घरात एकटा बाबाच असेल, तर कदाचित त्याच्यापुरताच.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो पैशाहून अवघड आहे. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात, शिवाय त्याच दिवसांत शिवारात सोयाबीन निघते आणि कापसाची वेचणी सुरू होते. मे महिन्यात उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पाण्याचे खेळ हवेसे वाटतात, पण तेव्हाच ते सगळ्या महाराष्ट्राला हवेसे वाटतात. एक फट मात्र उरते. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. जूनच्या मध्यानंतर मुंबई-पुण्याची मुले वर्गात बसलेली असतात आणि धामणगावची मोकळी. आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगाही कमी. पण मृग लागलेला असतो, पहिला पाऊस पडला की पेरणी, आणि पेरणीच्या तोंडावर घरचा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो.

म्हणूनच या जिल्ह्यातील कित्येक मुलांचे पहिले ‘पार्क’ खोपोलीचे नसते. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानने २००१ च्या सुमारास आनंदसागर उभारले. कोरड्या मुलखात तलाव, तलावातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवरचे ध्यानकेंद्र, मुलांसाठी छोटी रेल्वे आणि जागोजागी नम्रपणे वाट दाखवणारे सेवाधारी. प्रवेशशुल्क अल्प. शाळेची सहल एसटीच्या सवलतीत निघे, दर्शन होई, डबे सुटत आणि संध्याकाळी मुले घरी. मध्यंतरी काही वर्षे ते बंद राहिले, तेव्हा या भागातील घरांनी सुट्टीचा बेत पुन्हा आखला: काहींनी अजिंठ्याकडे मोर्चा वळवला, काहींनी लोणार सरोवर पाहिले. तेथे पासाचा प्रश्नच येत नाही. तिकीट काढायचे, पाहायचे आणि दिवस मावळायच्या आत परतीची गाडी धरायची.