एक्सएमएल दस्तऐवजांचे कूटलेखन : एका मानकाचा इतिहास (२००२ ते २०१३)

प्रस्तावना :
वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली. या रचनेत माहिती टॅगांच्या साहाय्याने साध्या मजकुराच्या रूपात लिहिली जाते. ही सुवाच्यता एक्सएमएलचा गुण असली तरी गोपनीयतेच्या दृष्टीने तीच अडचण ठरली. एसएसएलसारखी पद्धत दोन संगणकांमधील मार्ग सुरक्षित करीत असे. परंतु मधल्या प्रत्येक टप्प्यावर दस्तऐवज पुन्हा उघडा होई. त्यामुळे खरेदीपत्रातील केवळ क्रेडिट कार्डाचा क्रमांक झाकावा व उर्वरित मजकूर वाचनीय ठेवावा, अशी गरज निर्माण झाली.

मानक व सी भाषेतील अंमलबजावणी :
डोनाल्ड ईस्टलेक व जोसेफ रीगल यांनी संपादित केलेली ‘एक्सएमएल एन्क्रिप्शन’ ही शिफारस १० डिसेंबर २००२ रोजी प्रसिद्ध झाली. तीनुसार निवडलेल्या घटकाच्या जागी ‘एन्क्रिप्टेडडेटा’ हा घटक येतो. सी भाषेत हे कार्य अलेक्सी सॅनिन यांच्या ‘एक्सएमएलसेक’ या लायब्ररीने सुलभ केले. ‘लिबएक्सएमएल२’ ही लायब्ररी दस्तऐवजाचे वृक्षरूप तयार करते. प्रोग्राम त्यातील घटक निवडतो, यादृच्छिक सत्रकिल्लीने तो कूटबद्ध करतो आणि ती किल्ली प्राप्तकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करतो. उकल याच्या उलट क्रमाने होते. कूटलेखनाचे गणित ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीकडे सोपविलेले असते.

दोषाचे स्वरूप :
या शिफारशीत मजकुरासाठी ट्रिपल डीईएस व एईएस या पद्धती सीबीसी प्रकाराने वापरणे अभिप्रेत होते. सीबीसीमध्ये मजकूर गुप्त राहतो. मात्र वाटेत कोणी कूटमजकुरात बदल केल्यास तो ओळखता येत नाही. सर्ज व्होदने यांनी २००२ च्याच युरोक्रिप्ट परिषदेत या प्रकारातील धोका दाखवून दिला होता. अंकीय स्वाक्षरीची स्वतंत्र शिफारस त्याच वर्षी उपलब्ध झाली होती. परंतु कूटलेखनासोबत ती सक्तीची नव्हती.

या उणिवेचे गांभीर्य २०११ मध्ये स्पष्ट झाले. जर्मनीतील रुर विद्यापीठ, बोखुम येथील टिबोर यागर व युराय सोमोरोव्स्की यांनी बदललेले कूटमजकूर सर्व्हरकडे पुनःपुन्हा पाठविले. उकललेला मजकूर एक्सएमएलच्या नियमांत न बसल्यास सर्व्हर त्रुटी कळवी. केवळ या उत्तरांच्या आधारे, किल्ली हाती नसताना, सरासरी १४ विनंत्यांत एक बाइट उलगडता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. येथे प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक नव्हती; शिफारशीबरहुकूम लिहिलेला निर्दोष सी प्रोग्रामही त्यामुळे असुरक्षित ठरत होता.

समारोप :
११ एप्रिल २०१३ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.१ आवृत्तीत एईएसचा जीसीएम प्रकार समाविष्ट झाला. त्यात कूटमजकुरासोबत पडताळणीची खूण असते व ती न जुळल्यास उकल नाकारली जाते. तथापि जुन्या प्रणालींशी सुसंगतता राखण्यासाठी सीबीसी कायम ठेवण्यात आले. परिणामी योग्य प्रकार निवडण्याची व जुना नाकारण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आली. गोपनीयता आणि अखंडता या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीवाचून पहिली टिकत नाही, हेच या अकरा वर्षांच्या इतिहासाचे सार होय.